रोखा कोणाला पेलतो? सुप्याच्या बाजारापासून सेबीच्या दाखल्यापर्यंत

वाचकहो, आजचा धागा लांब आहे, सवडीने वाचा. आरंभ नेहमीप्रमाणे इतिहासापासून करतो. मात्र या वेळी माझे मतही मांडणार आहे. त्यावर वाद घालण्यास मुभा आहे.

'रोखा' हा शब्द घ्या. दीडशे वर्षांपूर्वी शिरूर आणि भीमथडीच्या कुणब्याच्या लेखी रोखा म्हणजे सावकाराला लिहून दिलेला कर्जाचा कागद. आज आपण रोखे म्हणतो तेव्हा शेअर, डिबेंचर, फंडाची युनिटे मनात येतात. शब्द तोच राहिला, शेतकऱ्याची बाजू मात्र उलटली. तेव्हा तो रोखा लिहून देत होता, आता त्याला तो विकत घेण्याचा आग्रह होतो. पुणे–नगर रस्त्यालगत आणि रांजणगावच्या औद्योगिक क्षेत्राभोवती, तसेच दौंडकडे कुरकुंभच्या परिसरात, जमिनीचे पैसे हाती आलेली कुटुंबे आहेत. अशा घरी येणारा माणूस हल्ली भिशी किंवा मुदतठेव सुचवत नाही. 'बाजारात न आलेल्या कंपनीचे शेअर आहेत, सर्वांसाठी नाहीत, निवडक लोकांनाच देतोय' असे तो सांगतो.

'निवडक' या शब्दाभोवतीच आजचा धागा आहे. कोण निवडक, हे कायदा कोणत्या खुणेवरून ठरवतो? अमुक माणसाला स्वतःचे हित कळते, त्याला संरक्षण नको, आणि तमुक माणसाला हवे, ही रेघ ओढायची कशी? हा प्रश्न अमेरिकेतून आयात झाला असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात आपल्या भागाने त्याचे एक उत्तर १८७९ सालीच दिले होते.

त्यामागची हकिकत आधी सांगतो.

शिरूर तालुक्यातील कर्डे हे गाव. १८७४ च्या अखेरीस तेथील काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या प्रतिष्ठित ऋणकोविरुद्ध कोर्टाचा हुकूमनामा मिळवला, घर ताब्यात घेतले आणि ते पाडायला काढले. गाव बिथरले, पण हात कोणी उचलला नाही. सावकाराच्या शेतात औत धरायला कोणी जाईना, पाणी भरायला कोणी येईना, हजामतही बंद झाली. अखेरीस त्याला बिऱ्हाड पोलिसांच्या बंदोबस्तात शिरूरला हलवावे लागले. पाहता पाहता ही बहिष्काराची रीत इतर गावांनी उचलली. इंदापूर तालुक्यातील कळस गावच्या लोकांनी तर लेखी करारच केला, की सावकाराची चाकरी करणाराला जातीत घ्यायचे नाही. ज्या लोकांना सावकाराच्या कागदातले एक अक्षर वाचता येत नव्हते, त्यांनी आपला असा एक कागद तयार केला, याचे मला नेहमीच अप्रूप वाटत आले आहे.

१२ मे १८७५ रोजी सुप्याला बाजार भरला होता. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. आज ते बारामती तालुक्यात, दौंडच्या शिवेजवळ येते. जमाव सावकारांच्या घरांवर चालून गेला. कापड आणि धान्य लुटले गेले हे खरे, पण जमावाचा मुख्य रोख कागदांवर होता. खते आणि रोखे मागून घ्यायचे आणि जाळायचे. कागद निमूटपणे हवाली करणाऱ्या सावकारास बहुधा मारहाण होत नसे. पुणे आणि नगर या दोन जिल्ह्यांत मिळून साडेनऊशेच्या आसपास लोकांना अटक झाली आणि पाचशेच्या आसपास लोकांना शिक्षा.

लोक कागदावर का उठले? अमेरिकेतील यादवीच्या काळात कापसाचे भाव चढले आणि कर्ज सहज मिळू लागले. १८६५ नंतर भाव कोसळले. त्याच सुमारास सुधारित जमाबंदीने शेतसारा वाढवला. परंतु या सगळ्याच्या मुळाशी एक कायदेशीर कळ होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावरची फिर्याद तीन वर्षांच्या आत करणे बंधनकारक केले. हेतू असा, की जुन्या कर्जाचे ओझे पिढ्यान्‌पिढ्या राहू नये. घडले उलटे. दर तिसऱ्या वर्षी सावकार नवे खत लिहून घेई आणि चढलेले व्याज त्यात मुद्दल म्हणून मांडी. कुणबी खाली नांगराची निशाणी काढून मोकळा होई. कोर्टापुढे खटला आला की न्यायाधीश एवढेच विचारी: निशाणी तुझीच ना? तुझीच असेल तर करार तुझा. करार करणारे दोघे समान आणि समजदार, असे कायद्याने गृहीतच धरले होते.

चौकशीसाठी आयोग बसला, त्याचा अहवाल १८७८ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी 'डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट' झाला. करारस्वातंत्र्य हे पवित्र मानण्याच्या त्या काळात सरकारने मान्य केले, की एका विशिष्ट वर्गाच्या माणसाची सही म्हणजे त्याची समज नव्हे. आजच्या भाषेत सांगायचे तर सरकारने संरक्षित आणि असंरक्षित अशी विभागणी केली.

विभागणीसाठी व्याख्या लागते, आणि घोळ व्याख्येतच झाला. शेतकरी कोण? जो स्वतः, नोकरांकरवी किंवा कुळांकरवी केलेल्या शेतीवर मुख्यत्वे उपजीविका करतो तो; किंवा जो स्वतः अंगमेहनतीने शेतीचे काम करतो तो. 'कुळांकरवी' हा शब्द पुन्हा वाचा. पुण्यात माडीवर बसून खंड वसूल करणारा जमीनदारही या व्याख्येत शेतकरी ठरू शकत होता. उलट त्याच गावचा कोष्टी किंवा सुतार, त्याच सावकाराकडून त्याच व्याजाने कर्ज काढणारा, त्याच्यासाठी या कायद्याचे दार बंद. कर्ज काढणारा सावकारच जमीनदार असेल तर? त्याचे शेतीचे उत्पन्न व्याजाच्या उत्पन्नापेक्षा जास्त भरले की तोही शेतकरी. प्रतिवादी शेतकरी आहे की नाही, एवढ्या एका मुद्द्यावर पुढे मुंबई हायकोर्टापर्यंत खटले चालले. माणसाला कागद समजला होता का, हा मूळ प्रश्न बाजूला पडला आणि त्याचा धंदा कोणता यावर वाद रंगले.

तरीही हा कायदा मला मोलाचा वाटतो, तो व्याख्येसाठी नव्हे. त्यातील इतर कलमे पाहा. न्यायाधीशाने खतावर न थांबता व्यवहाराच्या उगमापर्यंत जाऊन हिशेब काढावा. व्याज मुद्दलाहून अधिक नको, म्हणजे आपला जुना दामदुप्पटीचा नियम. दिलेल्या पैशाची पावती द्यावी. कर्जापायी कैद नको. आणि माझे सर्वांत आवडते कलम: शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकापुढेच लिहिला गेला पाहिजे. निबंधकाने तो आपल्या देखरेखीखाली लिहवून घ्यावा, मोठ्याने वाचून दाखवावा, मग सही किंवा निशाणी व्हावी. निरक्षर माणसाला कागद ऐकण्याचा कायदेशीर हक्क मिळाला.

परिणाम संमिश्र झाले, हे लपवण्यात अर्थ नाही. सावकार हात आखडून बसले. गहाणखतावर कोर्ट हिशेब काढते म्हटल्यावर सावकार सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले. मनात गहाण, कागदावर विक्री. संरक्षण दिले की पुरवठा आटतो, हा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले, त्यामुळे त्यांना या गोष्टी जवळून ठाऊक होत्या. नुसते दार बंद करून भागत नाही, दुसरे दार उघडावे लागते, या विचारातून विल्यम वेडरबर्न आणि रानडे यांनी शेतकी बँकेची योजना पुढे आणली. तिचा प्रयोग पुरंदर तालुक्यात व्हायचा होता. हिंदुस्थान सरकार अनुकूल होते, लंडनहून नकार आला. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा व्हायला त्यानंतर १९०४ साल उजाडले.

आता समुद्रापार जाऊ, कारण आजच्या आपल्या नियमांची बोली तिकडची आहे.

अमेरिकेचा १९३३ चा रोखे कायदा म्हणतो, की लोकांना रोखे विकायचे तर नोंदणी करा, कंपनीची सगळी माहिती उघड करा. 'सार्वजनिक' नसलेल्या विक्रीला यातून सूट. मग सार्वजनिक म्हणजे काय? रॅल्स्टन प्युरिना ही सेंट लुईसची जनावरांचे खाद्य बनवणारी कंपनी. तिने १९४७ ते १९५१ या काळात आपल्या कर्मचाऱ्यांना सुमारे वीस लाख डॉलरचे शेअर नोंदणीविना विकले. कंपनी म्हणाली, हे आमचे 'महत्त्वाचे' कर्मचारी, ही खाजगी बाब. यादी पाहिली तर तीत कारकून, स्टेनोग्राफर, बेकरीतला मुकादम, पशुखाद्य भरणाऱ्या टोळीचा मुकादम अशी माणसे. १९५३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: संख्येला महत्त्व नाही, घेणारा स्वतःचा सांभाळ करण्यास समर्थ आहे का आणि नोंदणीतून जी माहिती मिळाली असती ती त्याला मिळू शकत होती का, हे पाहा.

ही कसोटी मला फार नेमकी वाटते. ती माणसाचा धंदा विचारत नाही आणि त्याची तिजोरीही उघडायला लावत नाही. पण न्यायालयाला सोयीची कसोटी दलालाला सोयीची नसते. त्याला आकडा हवा असतो. १९८२ साली नियामकाने आकडा दिला: वार्षिक उत्पन्न दोन लाख डॉलर किंवा मालमत्ता दहा लाख डॉलर असेल तर तुम्ही 'ॲक्रेडिटेड' गुंतवणूकदार. २०१० मध्ये राहते घर मालमत्तेतून वगळले गेले, आकडे मात्र तेच राहिले. महागाईने आपले काम केले. आरंभी शंभरांतील सुमारे दोन कुटुंबे या रेघेपलीकडे होती, आता सुमारे अठरा आहेत. या लोकांची समज नऊपट वाढली असे कोणी म्हणणार नाही. २०२० मध्ये मात्र एक सुधारणा झाली: ठराविक व्यावसायिक परीक्षा उत्तीर्ण झालेल्यालाही हे दार उघडले, खिशात कितीही असोत.

भारतात दोन वेगळी दारे आहेत आणि ती गावोगाव सर्रास एकमेकांत मिसळून सांगितली जातात. म्हणून येथे जरा थांबतो.

पहिले दार कंपनी कायद्याचे. २०१३ च्या कायद्याचे कलम ४२ खाजगी विक्रीस परवानगी देते. देकार आधी निश्चित केलेल्या, नावानिशी नोंदलेल्या व्यक्तींनाच द्यायचा. एका आर्थिक वर्षात अशा व्यक्ती २०० हून अधिक नकोत. त्यात मोठ्या पात्र संस्था आणि शेअर योजनेतील कर्मचारी धरत नाहीत. जाहिरात करायची नाही. पैसे रोख घ्यायचे नाहीत. साठ दिवसांत शेअर द्यायचे, नाहीतर पुढील पंधरा दिवसांत पैसे परत. या अटी उत्तम आहेत. पण घेणारा कोण, याविषयी कायदा काहीही विचारत नाही. तो फक्त डोकी मोजतो. दोनशेंतला एक शिरूरचा ऊसउत्पादक असला आणि त्याने घर सोडून सारे त्यात घातले, तरी कंपनीने कायदा मोडलेला नसतो.

डोकी मोजण्याचे महत्त्व मी कमी लेखत नाही. सहारा समूहाच्या दोन कंपन्यांनी आपल्याशी 'संबंधित' लोकांनाच डिबेंचर दिल्याचे सांगत सुमारे तीन कोटी लोकांकडून चोवीस हजार कोटींहून अधिक रक्कम गोळा केली. त्या वेळच्या कायद्यात मर्यादा पन्नास जणांची होती. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही खाजगी विक्री नव्हेच असे ठरवून रक्कम व्याजासह परत करण्याचा आदेश दिला. तीन कोटी 'निवडक' माणसे!

दुसरे दार सेबीचे, खाजगी फंडांचे. २०१२ पासून अशा फंडात किमान एक कोटी रुपये घालावे लागतात. २०२१ मध्ये सेबीने ॲक्रेडिटेड गुंतवणूकदाराची चौकट आणली. व्यक्तीसाठी निकष असे: वार्षिक उत्पन्न किमान दोन कोटी, किंवा निव्वळ मालमत्ता किमान साडेसात कोटी आणि त्यातील निम्मी वित्तीय स्वरूपात, किंवा उत्पन्न एक कोटी आणि मालमत्ता पाच कोटी, पैकी निम्मी वित्तीय. राहते घर धरायचे नाही. दाखला मिळाला की किमान रकमेच्या अटी सैल होतात आणि काही फंडांत नियमांचे कुंपणही ठेंगणे होते.

हा निकष आपल्या भागात लावून पाहू. समजा, शिरूरजवळ एका कुटुंबाची आठ कोटींची जमीन आहे. उभा जन्म त्यांनी शेतीत काढला. पाणी, बियाणे, बाजारभाव यांतील जोखीम त्यांना कोणी शिकवावी लागत नाही. पण जमीन ही वित्तीय मालमत्ता नव्हे, म्हणून कायद्याच्या लेखी हे असमर्थ. आता त्यांनी जमीन विकली आणि पैसे बँकेच्या ठेवीत ठेवले. त्या दिवसापासून ते समर्थ! त्यांच्या ज्ञानात काय भर पडली? उलट ज्या व्यवहारातले त्यांना सर्वाधिक कळत होते तो सुटला, आणि ज्यातले काही कळत नाही त्याचा परवाना मिळाला. दौंडच्या एखाद्या महाविद्यालयात वीस वर्षे कंपनी कायदा शिकवणाऱ्या प्राध्यापिकेला मात्र हा दाखला मिळणार नाही. तिचा पगार आड येतो. १८७९ ने धंदा विचारला, २०२१ ने तिजोरी विचारली. दोघांनीही 'कागद समजला का' हे विचारले नाही.

खिशाच्या निकषाची एक बाजू मी मान्य करतो. श्रीमंत माणूस बुडाला तरी तगतो, म्हणून त्याला बुडण्याची मोकळीक द्यायला हरकत नाही. हे नोकरदार श्रीमंताबाबत खरे आहे, कारण त्याचे उत्पन्न पुढच्या महिन्यातही येते. जमीन विकून आलेला पैसा एकदाच येतो. साडेसात कोटी आणि शून्य उत्पन्न असलेला माणूस सेबीच्या तराजूत दोन कोटी कमावणाऱ्याच्या बरोबरीने बसतो. पुणे जिल्ह्यात हा फरक ठळकपणे दिसतो.

कोणी म्हणेल, शेतकरी इतक्या दूरच्या गोष्टीत पडतोच कशाला? पण तो पडला आहे, किंवा पाडला गेला आहे. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात खेड आणि शिरूर तालुक्यांतील जमिनीवर विशेष आर्थिक क्षेत्र उभे करायचे ठरले. जमीन देणाऱ्यांना पंधरा टक्के विकसित जमीन परत मिळायची होती. पुढे शेतकऱ्यांना त्या जमिनीपोटी एका कंपनीचे भागधारक करण्यात आले. शेअर बाजारात विकता न येणारे शेअर हातात आणि परताव्याच्या जमिनीसाठी आंदोलने, अशी पुढची अनेक वर्षे गेली. या भागधारकांची पात्रता कोणी तपासली? त्याआधी हडपसरला मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी सुमारे चारशे एकर जमीन एकत्र करून स्वतःची कंपनी काढली होती आणि जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले होते. तेही शेतकरीच आणि शेअरही बाजाराबाहेरचेच. पण हिशेब आपल्याच माणसांकडे आणि डोळ्यांसमोर होता. रॅल्स्टन प्युरिनाची कसोटी लावली तर मगरपट्ट्याचे लोक उत्तीर्ण होतात, त्यांच्या सातबाऱ्यावरचा आकडा न पाहता.

म्हणून माझे मत असे. पात्रतेची रेघ लागेल, ती पूर्ण पुसा असे मी म्हणत नाही. पण तिजोरीच्या निकषासोबत समजेचा निकष हवा. अमेरिकेने परीक्षेचे दार उघडले, आपल्यालाही ते अवघड नाही. एकाच व्यवहारात मालमत्तेचा किती हिस्सा घालता येईल यालाही मर्यादा हवी. तिकडे लोकवर्गणीतून भांडवल उभारताना सामान्य गुंतवणूकदाराला उत्पन्न आणि मालमत्तेच्या प्रमाणात अशी मर्यादा २०१६ पासून आहे. आणि ही मर्यादा कंपनी कायद्याच्या दारालाही हवी, जेथे आज केवळ डोकी मोजली जातात.

आणखी एक मागणी आहे. ती ऐकून माझे वकील मित्र हसतात. कलम ४२ खाली देकाराचे पत्र द्यावे लागते, त्यात जोखीम लिहावी लागते. ते बहुधा इंग्रजीत असते, पाने पुष्कळ असतात, आणि ज्या घरात ते पोचते तेथे शेवटच्या पानावरची सहीची जागा तेवढी दाखवली जाते. १८७९ च्या कायद्यातला गावचा निबंधक आठवा. ठराविक रकमेवरच्या खाजगी विक्रीत, घेणारा व्यक्ती असेल तर, देकाराचे पत्र त्याच्या भाषेत, त्रयस्थ माणसासमोर, मोठ्याने वाचून दाखवावे आणि तशी नोंद व्हावी. 'हे शेअर विकत घ्यायला बाहेर कोणी मिळेलच असे नाही' आणि 'सर्व रक्कम बुडू शकते' ही दोन वाक्ये शिरूरच्या ओसरीवर मराठीत मोठ्याने उच्चारली गेली, तर 'निवडक लोकांनाच देतोय' म्हणत आलेल्या माणसाला पुढचे वाक्य जुळवणे जड जाईल.

कर्ड्याला कधी गेलात तर जुन्या लोकांशी बोला. पुढच्या धाग्यात कळसच्या कराराविषयी सविस्तर लिहीन. त्याची हकिकत कोणाच्या घरी सांगितली जात असेल तर खाली जरूर कळवा.